सत्ता, सामर्थ्य आणि पॉवर

खानदेशातील एका मिशन केंद्रात आम्ही सेवेला होतो, त्या वर्षांतील ही गोष्ट. शहाद्याला लागून असलेल्या लोणखेडा येथे दोन-चार ख्रिस्ती कुटुंबे कामधंद्याच्या निमित्ताने येऊन राहिली होती. पेन्टेकॉस्टच्या सणापूर्वी त्यांच्यापैकी एका घरी संध्याकाळी प्रार्थनेला जमायचे ठरले. अंगणात सतरंजी अंथरली होती. आमच्यासाठी मात्र शेजारच्या घरून प्लास्टिकची खुर्ची मागून आणली होती. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाचा पहिला अध्याय वाचून झाला आणि पवित्र आत्मा उतरल्यावर शिष्यांना जे सामर्थ्य लाभणार होते, त्यावर आम्ही बोलू लागलो. वीस मिनिटे तरी बोललो असू. शेवटी, रिवाज म्हणून, कुणाला काही विचारायचे आहे का, असे म्हटले. शेतमजुरी करणारी एक बाई पदर सावरीत म्हणाली, “फादर, सामर्थ्य म्हणजे पावर ना?”

आम्ही हसून म्हणालो, “हो, तसंच काहीसं.”

“मग ती तर मोठ्या लोकांकडे राहते. आम्हाला कशी भेटेल?”

त्या संध्याकाळी आम्ही जे उत्तर दिले ते येथे सांगण्याच्या योग्यतेचे नाही. पवित्र आत्मा लहान-मोठा पाहत नाही, अशा अर्थाचे काही बोललो आणि समारोपाची प्रार्थना घेतली. परतीच्या वाटेवर मात्र मनाला टोचणी लागली. बाईंचा प्रश्न चुकीचा नव्हता. आमचे “हो” चुकीचे होते. ‘सामर्थ्य’ आणि ‘पॉवर’ हे एकच, असे आम्ही इतक्या सहजपणे कसे म्हणालो? आपल्या प्रार्थनापुस्तकांतून, प्रवचनांतून आणि भक्तिगीतांतून हे शब्द आपण नाण्यांसारखे वापरतो. पण नाण्यावरचा छाप कुणी निरखून पाहत नाही. तो पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

सेमिनरीत नव्या कराराचे ग्रीक शिकताना आमच्या प्राध्यापकांनी दोन शब्दांतील भेद मनावर चांगलाच ठसवला होता. एक ‘डुनामिस’ आणि दुसरा ‘एक्सूसिया’. पहिल्यात अंगी असलेली क्षमता आहे. दुसऱ्यात ती क्षमता वापरण्याची मोकळीक किंवा हक्क आहे. रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीने प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला तेव्हा त्याच्यातून जे बाहेर पडले ते संत मार्काच्या ग्रीक भाषेत ‘डुनामिस’ आहे. पिलाताने बंदिवान येशूला जे ऐकवले, तुला सोडणे वा क्रुसावर देणे आमच्या हाती आहे, तेथे शब्द ‘एक्सूसिया’ आहे. आपल्या मराठी अनुवादकांनी पहिल्यासाठी बहुधा ‘सामर्थ्य’ आणि दुसऱ्यासाठी ‘अधिकार’ हे शब्द योजले. या निवडीबद्दल त्यांचे जितके आभार मानावेत तितके थोडे. ‘सत्ता’ हा शब्द त्यांच्या हाताशी होता. त्यांनी तो बेताने वापरला.

‘डुनामिस’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेनेही आलेला आहे. आल्फ्रेड नोबेलने १८६७ साली आपल्या स्फोटकाला ‘डायनामाइट’ हे नाव दिले ते त्याच शब्दावरून. सायकलचा ‘डायनामो’ही त्याच कुळातला. आमच्या पिढीतल्या वाचकांना आठवत असेल, चाकाला टेकवलेला तो डायनामो पायडल मारले तरच दिवा लावी. थांबलो की अंधार. पेन्टेकॉस्टच्या प्रवचनात डायनामाइटचा दाखला पुष्कळ धर्मगुरू देतात, आम्हीही दिला आहे. डायनामोचा कुणी दिल्याचे ऐकिवात नाही.

आता बाईंच्या शब्दाकडे वळू. ‘पॉवर’ हा शब्द इंग्रजीने जुन्या फ्रेंचमधून घेतला आणि फ्रेंचने बोलीतल्या लॅटिनमधून. त्याच्या मुळाशी ‘पोस्से’ हे क्रियापद आहे: ‘पोतिस’ अधिक ‘एस्से’. ‘एस्से’ म्हणजे असणे. ‘पोतिस’ म्हणजे समर्थ, आणि या ‘पोतिस’चा सख्खा भाऊ आपल्या घरात फार पूर्वीपासून नांदतो आहे, तो म्हणजे संस्कृतातला ‘पति’. पती म्हणजे धनी, मालक. सभापती, सेनापती, राष्ट्रपती हे सारे त्याच्याच गोतातले. तेव्हा ‘पॉवर’ आणि ‘पती’ ही एकाच बीजाची फळे आहेत, असे भाषाशास्त्र सांगते.

हे ऐकून कुणी हसेल; पण गावोगावचा अनुभव भाषाशास्त्राला पुष्टीच देतो. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, पंचायतींत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. कायद्याने स्त्री सरपंच झाली आणि मराठीत एक नवा समास जन्माला आला: ‘सरपंचपती’. खुर्चीवर पत्नी, शिक्का पतीच्या खिशात. या समासाचा विग्रह कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही. तो ग्रामपंचायतीच्या दारात पाहायला मिळतो. सगळीकडेच असे चालते असे नाही. स्वतःच्या शब्दावर गाव चालवणाऱ्या सरपंचबाई आम्ही पाहिल्या आहेत. पण शब्द रूढ झाला, याचाच अर्थ त्याची गरज पडली.

जाता जाता आणखी एक गंमत. लोणखेड्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या डोंगरांत पावरा आदिवासींची वस्ती आहे. पावागडाकडून आले म्हणून पावरा, असे सांगतात. ‘पॉवर’शी या नावाचा काडीचाही संबंध नाही, आणि अर्थाने तर दोहोंमध्ये आणखीच अंतर आहे: ज्या लोकांच्या नावात हा ध्वनी आहे, त्यांच्या वाट्याला ती वस्तू सर्वांत कमी आली.

‘सत्ता’ या शब्दाचा प्रवास मोठा उद्बोधक आहे. मूळ धातू ‘अस्’. त्यापासून ‘सत्’, म्हणजे असणारे. आणि त्याला ‘ता’ प्रत्यय लागून ‘सत्ता’, म्हणजे असणेपण. आपल्या जुन्या दर्शनांत सत्ता म्हणजे केवळ अस्तित्व. दगडाला सत्ता आहे, मुंगीला आहे, लोणखेड्याच्या त्या बाईंनाही आहे. तेथे कुणी सत्ताधारी नाही आणि कुणी विरोधी पक्षात नाही. ग्रीक ‘एक्सूसिया’च्या पोटातही हाच असण्याचा धातू दडलेला आहे, आणि लॅटिन ‘एस्से’ही त्याच मुळाचा. म्हणजे ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या तिन्ही भाषांत अधिकारवाचक शब्दांचा पाया ‘असणे’ हाच आहे. जळत्या झुडपातून मोशेला देवाने आपले नाव सांगितले तेही याच क्रियापदात. देवाची सत्ता म्हणजे देवाचे असणे. ते असणे इतके भरगच्च की त्यातून इतरांना असणे लाभते.

आणि मराठीत या शब्दाचे काय झाले? असणे गळून पडले, ताबा उरला. ‘सत्तेवर येणे’, ‘सत्तेतून पायउतार होणे’, ‘सत्तापालट’. आमच्या अनुवादकांनी ‘एक्सूसिया’साठी धातूने जवळचा असलेला ‘सत्ता’ शब्द न घेता ‘अधिकार’ घेतला, याचे कारण हेच असावे. शब्दाचे कूळ पाहून चालत नाही, त्याची आजची संगतही पाहावी लागते.

राज्यकारभाराचे बरेच शब्द आपल्याला फारसी-अरबीने दिले: हुकूम, हक्क, ताकद, जोर. त्यांत ‘अंमल’ या शब्दापाशी आम्हांला थांबावेसे वाटते. अरबीत त्याचा अर्थ साधा आहे: काम, कृती. ‘अंमलबजावणी’ या शब्दात तो अजून टिकून आहे. पुढे काम करविणाऱ्याचे राज्य तो अंमल झाला; पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल. आणि मराठीने त्याला तिसरा अर्थ दिला: नशा. दारूचा अंमल चढतो; अमली पदार्थ विकले जातात. काम, राज्य आणि धुंदी या तीन पायऱ्या एकाच शब्दाने चढाव्यात, हे मराठी माणसाने आपल्या राज्यकर्त्यांविषयी केलेले किती मार्मिक निरीक्षण आहे!

शहादा परिसराने या शब्दाचे तिन्ही अर्थ भोगले आहेत. काळी, कसदार जमीन. तिच्यावर राबणारे भिल्ल शेतमजूर, आणि त्यांतल्या अनेकांच्या वाडवडिलांच्या हातून ती जमीन कर्जापायी गेलेली. सालदारकीचे काम एकाचे, अंमल दुसऱ्याचा. अंबरसिंग महाराजांनी भिल्लांना संघटित करावयास आरंभ केला; १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. जमिनीचा आणि मजुरीचा लढा चालू असतानाच आदिवासी स्त्रियांनी आणखी एक लढा उभारला. घरी मार मिळे तो दारूपायी. म्हणून त्या गटागटाने गावोगाव गेल्या आणि गुत्त्यांतील दारूची मडकी फोडली. सावकाराचा अंमल आणि दारूचा अंमल यांचे नाते या बायांना कोशात शोधावे लागले नाही.

दुसऱ्यांच्या अंमलाविषयी लिहिताना स्वतःच्या घराकडे पाठ फिरवणे बरे नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले, येथल्या लोकांची भाषा शिकले आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे मराठीच्या शब्दशक्तीपुढे एका परदेशी धर्मगुरूने लववलेली मान होय. त्याच गोव्यात, ग्रंथ छापून सत्तर वर्षे होण्याच्या आत, १६८४ साली पोर्तुगीज राजप्रतिनिधीचे फर्मान निघाले की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. एकीकडे भाषेचे सामर्थ्य ओळखणारे धर्मगुरू, दुसरीकडे भाषेवर अंमल बसवू पाहणारे ख्रिस्ती सरकार. आपल्या धर्मसभेच्या इतिहासात दोन्ही आहेत, आणि ओव्यांचा अभिमान बाळगताना फर्मान विसरणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

‘अधिकार’ या शब्दाचेही पुष्कळ हाल झाले आहेत. संस्कृतात अधिकारी म्हणजे पात्र मनुष्य. विद्या घेण्यास, कर्म करण्यास जो लायक तो अधिकारी. पाणिनीच्या व्याकरणात ‘अधिकारसूत्र’ नावाचा एक प्रकार आहे. हे सूत्र आपल्या जागी उभे राहून स्वतः काहीच साधत नाही; ते पुढच्या सूत्रांत उतरते आणि त्यांचा अर्थ पुरा करते. लॅटिनमध्ये याला जवळचा शब्द ‘औक्तोरितास’. ‘औगेरे’, म्हणजे वाढविणे, यापासून तो आला. इसवी सन ४९४ मध्ये पोप गेलासियुस यांनी सम्राटाला जे पत्र लिहिले त्यात महागुरूंसाठी त्यांनी हाच शब्द योजला आणि राजासाठी ‘पोतेस्तास’ ठेवला. म्हणजे राजाने चालवावे आणि महागुरूंनी वाढवावे. ज्याच्या हाताखाली माणसे वाढतात त्याला अधिकार, हा अर्थ दोन्ही परंपरांत आहे. सरकारी कचेरीतील ‘अधिकारी’ मात्र वेगळ्या कारणाने लक्षात राहतो. आणि धर्मग्रामाच्या कार्यालयातही दाखल्यासाठी तिसऱ्यांदा फेरी मारणाऱ्या माणसाला अधिकारसूत्राची आठवण होत नसणार. संत मार्काच्या दहाव्या अध्यायात प्रभू परराष्ट्रीयांच्या राज्यकर्त्यांविषयी बोलतो तेव्हा ग्रीक लेखकाने ‘एक्सूसिया’पासूनच एक क्रियापद बनवले आहे, पण त्याच्या आधी ‘खाली’ या अर्थाचा उपसर्ग जोडला आहे. वरून खाली दाबणारा अधिकार. एका उपसर्गाने शब्द उलटा झाला.

आता ‘शक्ती’. धातू ‘शक्’, त्यापासून मराठी ‘शकणे’. आणि ‘शिकणे’? तेही त्याच घरचे. ‘शक्’चे इच्छार्थक रूप ‘शिक्ष्’. म्हणजे शकण्याची इच्छा ते शिकणे. जो शिकतो तो समर्थ होऊ पाहतो. त्याच ‘शिक्ष्’पासून मराठीत ‘शिक्षण’ही आले आणि ‘शिक्षा’ही, मास्तरांची छडी आठवणाऱ्या आमच्या पिढीला यात विरोध दिसत नाही, हे आमचे दुर्दैव! लोणखेड्याला आज शाळा आहे, महाविद्यालय आहे. पाड्यांवरची मुले तेथे येतात तेव्हा ती या धातूचा मूळ अर्थच जगत असतात.

मराठीच्या वाक्यरचनेत तर याहून सुंदर गोष्ट आहे. इंग्रजीत क्षमता कर्त्याच्या मुठीत असते. मराठीत आपण म्हणतो, ‘मला पोहता येते’. पोहणे माझ्याकडे येते. मी त्याचा धनी नाही. ‘मला चालवते’, ‘माझ्याच्याने उठवत नाही’, या रूपांना आपले व्याकरणकार शक्य क्रियापदे म्हणतात. त्यांत ‘मी’ हा ‘मी’ म्हणून उभाच राहत नाही, ‘मला’ किंवा ‘माझ्याच्याने’ होऊन बाजूला सरतो. करिंथकरांना लिहिताना संत पौल दुर्बळतेत पूर्णत्वास येणाऱ्या ज्या सामर्थ्याविषयी बोलतो, ते समजावून सांगण्यासाठी आम्ही सेमिनरीत जाडजूड भाष्ये वाचली. आमच्या आईच्या भाषेचे व्याकरण जवळच होते, तिकडे लक्ष गेले नाही.

राहता राहिला ‘सामर्थ्य’. ‘सम्’ आणि ‘अर्थ’ मिळून ‘समर्थ’: ज्याचा हेतू जुळलेला आहे तो. पाणिनी समासांच्या प्रकरणात सुरुवातीलाच हा शब्द आणतो. ज्या पदांचे अर्थ परस्परांशी जोडलेले आहेत, त्यांनाच तो समर्थ म्हणतो. त्यांचाच समास होऊ शकतो. एकटे पद कितीही भारदस्त असो, या अर्थाने ते समर्थ नाही. म्हणून श्रद्धांगीकारात ‘सर्वसमर्थ’ हा शब्द ज्यांनी रुळवला त्यांनी, हेतुपूर्वक असो वा नसो, मोठे काम केले, असे आमचे मत आहे. ग्रीक शब्द ‘पान्तोक्रातोर’, त्यात सर्वांवरचे प्रभुत्व आहे. लॅटिन ‘ओम्निपोतेन्स’, त्यात तो ‘पोतिस’ पुन्हा आला. हिंदीने ‘सर्वशक्तिमान’ म्हटले. मराठी ‘सर्वसमर्थ’ या शब्दात मात्र सर्वांशी अर्थाने जोडलेला देव उभा राहतो. हा शब्द आपण दर रविवारी उच्चारतो, आणि प्रवचनात त्याचा अर्थ ‘काहीही करू शकणारा’ एवढाच सांगून मोकळे होतो. आमच्या भक्तिगीतांविषयी तर काय बोलावे? ‘सामर्थ्य’, ‘पराक्रम’, ‘विजय’, ‘सिंहासन’ हे शब्द यमकाच्या सोयीने येतात. नाव बदलले तर कोणत्याही राजाच्या दरबारात ती गीते खपतील. कवींनी रागावू नये. आमचे प्रवचनही त्या रात्री त्याच मापाचे होते.

हे आम्हांला नीट उमगले ते एका कवितेमुळे. शहादा भागातील श्रमिक चळवळीत घडलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे हे १९९० साली पालघरला भरलेल्या आदिवासी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे वसईकडच्या काही वाचकांना आठवत असेल. त्यांची ‘स्टेज’ नावाची एक छोटी कविता आहे. आदिवासींसाठी भरलेली सभा; पण मंचावर उभे आहेत ते दुसरेच, आणि खाली बसलेल्यांना त्यांच्याच दुःखाची ओळख करून देताहेत. कवितेत आरडाओरडा नाही. शत्रूला शिव्या नाहीत, आणि कवितेची धार नेमकी तेथे आहे. सत्तेवर मराठीत पुष्कळ जळजळीत लिहिले गेले आहे. इतक्या थोड्या आणि इतक्या निवांत शब्दांत सत्तेची जागा दाखवून देणारी दुसरी रचना आमच्या वाचनात नाही. शीर्षक इंग्रजी आहे, तेही योग्यच. ‘व्यासपीठ’ म्हटले असते तर त्याला व्यासांचे पावित्र्य चिकटले असते. ‘पॉवर’प्रमाणेच ‘स्टेज’ हीही बाहेरून येऊन अंगणात मांडलेली वस्तू आहे. कविता वाचली आणि आम्हांला सतरंजी आठवली, खुर्ची आठवली, आणि आपण त्या बाईंना वीस मिनिटे त्यांच्याच सामर्थ्याविषयी माहिती देत होतो हेही आठवले.

एक शब्द आम्ही मागे ठेवला होता. ‘बळ’. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण सर्वांना पाठ आहे. येथे बळी म्हणजे बळवान. पण वेदीवर अर्पण होतो तोही बळीच. संस्कृतात हे दोन निराळे शब्द. मराठीने ते एका उच्चारात आणून सोडले. आणि तिसरा बळी आपल्या शेतकऱ्यांचा, पाताळात ढकललेला राजा, ज्याचे राज्य परत यावे अशी इच्छा मायबहिणी ओवाळताना अजून बोलून दाखवतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त येशूला या बळीराजाच्या पंक्तीस नेऊन बसवले. ते ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांच्या साऱ्याच मांडणीशी आपण सहमत होऊ असे नाही. परंतु कान पिळणारा बळी आणि अर्पिला जाणारा बळी यांच्यात येशू कोठे उभा आहे, हे त्यांना मराठीतून दिसले. मिस्सा अर्पण करताना हा शब्द ओठांवर येतो तेव्हा आता आम्ही क्षणभर अडखळतो.

लोणखेड्याला आम्ही पुढे आणखी दोनदा गेलो. शेवटच्या खेपेस खुर्ची नको म्हणालो; तरी त्यांनी आणलीच, आणि तीवर शेवटी एका आजोबांना बसवले, कारण त्यांचे गुडघे दुखत होते. त्या बाई आल्या होत्या. मधल्या काळात त्यांचे यजमान बरेच महिने अंथरुणावर होते, आणि घर, दवाखाना, ऊसतोड हे सारे त्यांनी एकटीने निभावले होते. त्याविषयी त्या एवढेच म्हणाल्या, “माझ्याच्यानं होण्यासारखं नव्हतं, फादर. पण झालं.” आम्ही वही काढली नाही, प्रवचनही केले नाही. पहिल्या खेपेचे आमचे “हो” मागे घ्यायचे होते, ते घेतले, म्हणालो, “सामर्थ्य म्हणजे पावर नाही, बाई. आम्ही चुकीचं सांगितलं होतं.” त्या काही बोलणार होत्या, तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी ओरडले, पावर आली. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. त्यांचा मुलगा बॅटरी घेऊन दुसऱ्याच्या मळ्यातली मोटार चालू करायला निघाला, आणि त्याच्यासाठी भाकरी बांधून द्यायला त्या उठल्या.